भुईमूगवाला फौजी



फौजेतून परत आलेला माणूस आपल्या भागात प्रत्येक गावात सापडतो. पेन्शनीच्या जोरावर तो विहीर खोदतो, शाळेच्या कमिटीवर बसतो, आणि दोन पावसाळे फसले की आपल्यासारखाच सोसायटीच्या दारात उभा राहतो. आज आम्ही अशाच एका फौजीबद्दल बोलणार आहोत. माणूस अमेरिकेचा. नाव जिमी कार्टर.

जॉर्जिया राज्यात प्लेन्स नावाचे हजाराच्या आतल्या वस्तीचे खेडे आहे. तिथे 1924 साली त्याचा जन्म झाला. बापाची शेती भुईमुगाची आणि कापसाची. पोरगा बारा-तेरा वर्षांचा होईपर्यंत घरात वीज नव्हती. शिकून तो नौदलात गेला, पाणबुडीवर अधिकारी झाला, अणुशक्तीवरच्या पाणबुडीच्या कामावर त्याची निवड झाली. 1953 साली बाप वारला. पगार सोडून, बायको आणि तीन लेकरे घेऊन हा गडी गावी परतला. बायको रोझलिन मुळीच राजी नव्हती. तिचेच बरोबर होते असे वाटावे, असे पुढचे वर्ष गेले. 1954 च्या दुष्काळात पीक बुडाले. राहायला सरकारी घरकुल, खायला उधारी. पुढे रोझलिनने हिशेबाच्या वह्या हाती घेतल्या, त्याने बियाणे आणि गोदामाचा धंदा उभा केला, तेव्हा कुठे घर सावरले. मायबहिणींनी हे ध्यानात घ्यावे. सातबारा कुणाच्याही नावावर असो, शेती तगते ती अशी.

गावात तो शाळेच्या मंडळावर होता, दवाखान्याच्या आणि वाचनालयाच्या कामात होता, रविवारी चर्चमध्ये पोरांना शिकवायचा. गोऱ्या लोकांनी काळ्यांच्या विरोधात मंडळ काढले तेव्हा वर्गणी द्यायला त्याने नकार दिला. लोकांनी त्याच्या गोदामावर बहिष्कार टाकला. तरी तो हलला नाही.

आता आपल्या मुद्द्याचे. 1977 साली हा माणूस अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. तिथल्या शेतकऱ्याला वाटले, आपलाच गडी खुर्चीवर बसला, आता भाव मिळणार. भाव मिळाला नाही. फेब्रुवारी 1979 मध्ये हजारो शेतकरी ट्रॅक्टर घेऊन वॉशिंग्टनमध्ये घुसले. मागणी आपलीच होती : बाजारातून जे विकत घ्यावे लागते त्याच्या महागाईच्या बरोबरीने आमच्या मालाचा भाव वाढला पाहिजे. त्याच दिवसांत राजधानीत बर्फाचे वादळ आले, तेव्हा अडकलेल्या मोटारी ओढून काढल्या त्या याच ट्रॅक्टरवाल्यांनी!

पुढच्याच जानेवारीत, म्हणजे 1980 साली, रशियाने अफगाणिस्तानात फौज घातली म्हणून कार्टरने रशियाला जाणारे 1 कोटी 70 लाख टन धान्य अडवले. रशियाने ते अर्जेंटिनाकडून आणि इतरांकडून घेतले. भांडण दिल्लीचे असो की वॉशिंग्टनचे, दंड शेतकऱ्याच्या पोत्यातून वसूल होतो. मार्च 2012 मध्ये दिल्लीने कापसाची निर्यात एका रात्रीत बंद केली, तेव्हा कुणा परक्याशी वैरही नव्हते. कार्टरच्या हाताला मातीचा वास होता हे आम्ही नाकारत नाही. पण खुर्चीवर शेतकऱ्याचा मुलगा बसला म्हणून धोरण शेतकऱ्याचे होत नाही, हे आपल्याकडे जेवढ्या वेळा पाहिले तेवढेच तिकडेही दिसते.

मात्र माणूस सच्चा. सत्तेत असताना धंदा त्याने विश्वस्तांकडे सोपवला होता. 1981 साली निवडणूक हरून गावी आला तर डोक्यावर दहा लाख डॉलरच्या वर कर्ज! गोदाम विकून ते फेडले. आपल्याकडे पाच वर्षे सत्तेत राहून कर्जबाजारी झालेला पुढारी कुणाला माहीत असेल तर त्याने हात वर करावा.

नंतरची चाळीस वर्षे नवरा-बायकोने अंगमेहनतीत घालवली. 1984 पासून दर वर्षी आठवडाभर गरिबांच्या घरांवर हातोडा घेऊन राबायचे. 2006 साली लोणावळ्याजवळ मळवलीत शंभर घरे उभी राहिली, तेव्हा ब्याऐंशी वर्षांचा हा म्हातारा तिथे हजर होता. महाराष्ट्र त्या घराला नवा नव्हता. त्याची आई लिलियन अडुसष्टाव्या वर्षी नर्स म्हणून विक्रोळीला येऊन राहिली होती.

आणि नारू. आपल्यातल्या जुन्या माणसांना पायविहिरीचे पाणी आणि पायातून निघणारा दोरा आठवत असेल. आपल्या देशातला नारू आपल्याच आरोग्य खात्याने हटवला, शेवटचा रोगी 1996 सालचा. आफ्रिकेत मात्र कार्टरच्या संस्थेने 1986 पासून गावोगाव पाणी गाळायची फडकी पोहोचवली, माणसे शिकवली. तेव्हा जगात वर्षाला 35 लाख रोगी होते. 2024 मध्ये 15 उरले.

रोझलिन नोव्हेंबर 2023 मध्ये गेली, सत्याहत्तर वर्षांचा संसार करून. तो 29 डिसेंबर 2024 रोजी, वयाच्या शंभराव्या वर्षी, प्लेन्समधल्याच घरी गेला. ते घर त्यांनी 1961 साली बांधलेले, दोन खोल्या निजायच्या. त्याच्याच आवारात दोघांना शेजारी शेजारी पुरले आहे.