सूर्याची वीज आणि गांवची पंचायत



आजच्या विषयाचें नांव ऐकून आपल्यापैकीं कोणी मनांत म्हणेल, कीं सेवानिवृत्त शाळामास्तराला विजेंतलें काय कळणार? शंका रास्त आहे. विजेचें शास्त्र मी सांगणारहि नाहीं. परंतु जन्मभर फळ्यावर व्याजाचीं आणि काळ-काम-वेगाचीं उदाहरणें सोडवून घेतलेल्या माणसाला हिशेबाची खोड लागलेली असते; आणि सूर्यापासून मिळणाऱ्या विजेचा प्रश्न आतां शास्त्रज्ञांच्या हातून सुटून हिशेबनिसांच्या हातीं आला आहे, असें माझें मत आहे. तो हिशेब कोणी ठेवावा, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

मी तलवाड्याचा. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यांतील हें गांव टेकडीवरच्या त्वरितादेवीमुळें पंचक्रोशींत प्रसिद्ध आहे. देवीचें नांव त्वरिता; परंतु वीज कांहीं आमच्याकडे त्वरेनें आली नाहीं, आणि आल्यावरहि नेहमीं टिकून राहिली असें नाहीं. मुलूख कापूस, बाजरी, तूर पिकविणारा. कालव्याचें पाणी जेथें पोंचतें तेथें ऊंस. पाऊस उधारीचा, ऊन मात्र रोखीचें. शेतीपंपाला वीज वर्षानुवर्षें पाळीनें मिळत आली: कांहीं दिवस दिवसां, कांहीं दिवस रात्रीं. रात्रींची पाळी आली म्हणजे घरचा कर्ता माणूस हातांत बॅटरी घेऊन दारें धरावयाला जातो, आणि तो परत येईपर्यंत घरांत कोणाला गाढ झोंप लागत नाहीं. अंधारांतला साप, चिखलांत भिजलेले पाय आणि पंपाच्या पेटींतला उघडा तार या तिन्हींची गांठ एका वेळीं पडूं नये, एवढीच त्या घराची प्रार्थना असते. दिवसां वीज द्या, ही मागणी म्हणूनच सोयीची नसून जिवाची आहे. दिवसां वीज देण्याचा सरळ मार्ग म्हणजे जी वीज दिवसांच तयार होते ती वापरणें.

सरकारनें हा मार्ग ओळखला आहे, हें मोकळेपणानें मान्य केलें पाहिजे. महाराष्ट्र सरकारनें २०१७ सालीं मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना काढली. उपकेंद्राजवळ सूर्यशक्तीचें केंद्र उभारावयाचें आणि तेथली वीज दिवसां शेतीपंपांना द्यावयाची, असा तिचा बेत. राळेगणसिद्धि हें तिच्या पहिल्या प्रयोगांचें एक स्थान. २०२३ मध्यें तिची दुसरी आवृत्ति निघाली. तींत भाड्यानें घेतलेल्या खाजगी जमिनीला हेक्टरीं वर्षाला १,२५,००० रुपये भाडें व त्यावर दरसाल शेंकडा ३ वाढ ठरली. आणि ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दींत केंद्र होईल तिला तीन वर्षें दरसाल ५ लाख रुपये. पुढें २०२४ सालीं ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ ही योजना आली. तींत शेतकऱ्यानें किंमतीचा दहावा हिस्सा भरावयाचा, अनुसूचित जातिजमातींच्या शेतकऱ्यानें विसावा. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत केंद्र सरकारनें घरांच्या छपरांसाठीं पंतप्रधान सूर्यघर योजना मंजूर केली. एक कोटि घरें, ७५,०२१ कोटि रुपये, आणि एका घराला अधिकांत अधिक ७८,००० रुपये अनुदान, असा तिचा व्याप.

या शेवटच्या योजनेंत दोन लहानशीं कलमें आहेत. हद्दींतल्या छपरांवर बसलेल्या प्रत्येक संचामागें तेथल्या ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला १,००० रुपये मिळावयाचे, हें एक. प्रत्येक जिल्ह्यांत एक आदर्श सौरग्राम निवडून त्याला १ कोटि रुपये द्यावयाचे, हें दुसरें. रकमेपेक्षां त्यांतला विचार मोलाचा आहे. घरमालक, दुकानदार आणि वीजमंडळी यांच्याखेरीज या व्यवहारांत गांव हा चौथा पक्ष आहे, हें तेथें मान्य झालें. आपल्या राज्यघटनेनें तर तें आधींच मान्य केलें होतें. १९९२ च्या ७३ व्या दुरुस्तीनें जोडलेल्या अकराव्या अनुसूचींत पंचायतींकडे सोंपवावयाचे २९ विषय आहेत. त्यांत खेड्यांचें विद्युतीकरण आहे, अपारंपरिक ऊर्जा आहे, आणि अगदीं शेवटचा, एकोणतिसावा विषय सामूहिक मालमत्तेच्या देखभालीचा आहे. माझें सारें म्हणणें या एकोणतिसाव्या विषयापाशीं येऊन थांबतें.

आतां हिशेब पहा. पंपाच्या योजनेंत आणि छपरावरच्या संचांत पुरवठादारानें पांच वर्षें दुरुस्ती करावयाची असते. सौरपॅनेलचें, ज्याला आमच्याकडे सरळ ‘प्लेट’ म्हणतात, त्याचें आयुष्य मात्र सुमारें २५ वर्षांचें. पंचविसांतून पांच वजा जातां बाकी वीस. या वीस वर्षांचा वाली कोण? अनुदान पहिल्या दिवशींच्या खर्चाला मिळतें. सहाव्या वर्षाच्या खर्चाचें नांव कोणाच्या वहींत नसतें. आपण आगगाडींतून किंवा मोटारींतून जातांना वेशीवर एखादा सौरदिव्याचा खांब पाहिला असेल. खांब उभा, वर काचेची फळी, आणि रात्रीं अंधार. सूर्य कांहीं संपावर गेलेला नसतो. खांबावरच्या पेटींतली बॅटरी थोड्या वर्षांत थकते, ती बदलण्याची तरतूद केलेली नसते, आणि दिवा कोणाचा हेंच ठरलेलें नसतें.

याच्या उलट एक उदाहरण सांगतों. पुणें जिल्ह्यांत सह्याद्रीच्या कुशींत दरेवाडी नांवाची ३९ घरांची वाडी आहे. तेथें २०१२ सालीं ग्राम ऊर्जा या संस्थेनें ‘बॉश’ कंपनीच्या साहाय्यानें ९.४ किलोवॅटचें लहानसें सौर वीजघर उभारलें. उपकरणें बाहेरून आलीं; परंतु कारभारासाठीं वाडीच्याच लोकांचें विश्वस्त मंडळ झालें, प्रत्येक घराला मीटर बसला, आणि जो जितकी वीज वापरील त्यानें तितके पैसे भरावे असें ठरलें. त्या पैशांतून देखभाल व्हावी आणि पुढें बॅटऱ्या बदलाव्या, अशी योजना. गरीब लोकांकडून पैसे घेणें कोणाला कठोर वाटेल. मला त्यांत त्यांचा मान दिसतो. ज्यानें पैसे भरले तो दिवा विझल्यावर विचारावयाला येतो. आणि जाब विचारणारा माणूस हीच कोणत्याहि सार्वजनिक वस्तूची खरी राखण आहे.

दुसरें उदाहरण सातारा जिल्ह्यांतील पाटण तालुक्यांतल्या मान्याचीवाडीचें. ऑगस्ट २०२४ मध्यें हें लहान गांव महाराष्ट्रांतलें पहिलें सौरग्राम म्हणून गाजलें. घरांबरोबर गांवाचीं सार्वजनिक कामेंहि तेथें सूर्याच्या विजेवर आलीं. परंतु हें गांव त्यापूर्वीं स्वच्छतेच्या स्पर्धांत बक्षिसें मिळवीत आलें होतें, ही गोष्ट विसरतां कामा नये. एकत्र बसून ठरविण्याची आणि ठरलेलें पाळण्याची संवय तेथें आधीं लागली. प्लेटा मागाहून आल्या.

आमच्याकडे अडचण आणखी एक आहे. छपराचें अनुदान घ्यावयाचें तर छप्पर पाहिजे. ज्याचें घर सिमेंटच्या पक्क्या गच्चीचें आणि ज्याच्या नांवावर मीटर, त्याला योजना सोपी. बीड जिल्ह्यांतलीं हजारों कुटुंबें ऊंसतोडीला जातात. दिवाळी झाली कीं घराला कुलूप लागतें, आणि उन्हाळ्याच्या तोंडीं तें उघडतें. घर पत्र्याचें, उताऱ्यावर नांव एका भावाचें, मीटर दुसऱ्याचा, आणि राहणारा तिसरा. राज्य सरकारनें २०२५ मध्यें गरीब आणि कमी वीज वापरणाऱ्या कुटुंबांसाठीं जादा अनुदान ठेवलें, हें चांगलें झालें. परंतु कागद सरळ नसेल तर अनुदान दारावरून परत जातें. येथें पंचायत पैसा न खर्चतांहि पुष्कळ करूं शकते. नमुना ८ चा उतारा दुरुस्त करून देणें, मीटर नांवावर करण्याचा अर्ज लिहून देणें, दर सांगणाऱ्या तीन दुकानदारांना ग्रामसभेंत सर्वांसमोर बोलावणें. यास अनुदान लागत नाहीं, एक टेबल आणि एक माणूस लागतो. आणि ज्यांच्यापाशीं गच्चीच नाहीं त्यांच्या वाट्याला निदान सार्वजनिक उजेड आणि नळाचें पाणी तरी खात्रीचें यावें.

तें किती अवघड आहे, हें गणितानेंच पाहूं. वीस वॅटचा एक दिवा रात्रीं ११ तास जळला तर २२० वॅट-तास, म्हणजे युनिटाच्या पंचमांशाहून थोडी अधिक वीज लागते. शंभर दिव्यांना २२ युनिटें. एक किलोवॅटचा सौरसंच दिवसाकांठीं सुमारें ४ युनिटें देतो आणि त्याला १०० चौरस फूट जागा पुरते. म्हणजे साऱ्या गांवच्या शंभर दिव्यांइतकी वीज साडेपांच किलोवॅटच्या संचांतून, ५५० चौरस फुटांत, निर्माण होते. शाळेच्या एका वर्गाच्या छपराहून ही जागा फारशी मोठी नाहीं. बिल थकलें म्हणून रस्त्यावरचे दिवे किंवा पाण्याचे पंप बंद होण्याचे प्रसंग ज्या खेड्यांवर येतात, त्यांनीं हें उदाहरण एकदां ग्रामसभेंत सोडवून पाहावें.

देखभालीचा पैसाहि असाच मोजतां येतो. हद्दींत केंद्र आलेल्या पंचायतीला तीन वर्षांत १५ लाख रुपये मिळतात. नियमांच्या चौकटींत बसेल तर ही रक्कम वेगळी ठेवावी. शेंकडा ६ व्याज धरलें तर वर्षाला ९०,००० रुपये, म्हणजे महिन्याला ७,५०० रुपये होतात. गांवच्याच एखाद्या शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला तेवढें मानधन देऊन संचांची निगा सोंपवितां येईल. धुळीचा थर बसला कीं वीज घटते. सकाळीं काच तापण्यापूर्वीं साध्या पाण्यानें ती धुवावी लागते, तारा तपासाव्या लागतात, बिघाड वेळेवर कळवावा लागतो. ऊंसतोडीला गेलेल्या कुटुंबाच्या छपरावरच्या प्लेटाहि त्यानेंच पाहाव्या. जेथें केंद्र नाहीं तेथें छपरामागें मिळणाऱ्या हजार रुपयांपासून आरंभ करावा. दोनशें छपरें झालीं तर दोन लाख होतात. हे पैसे कमानीला किंवा सत्काराला गेले, तर सहाव्या वर्षीं आपल्या हातीं कमान राहील आणि उजेड जाईल.

एका गोष्टीबद्दल सावध राहिलें पाहिजे. मोठ्या केंद्राला जमीन लागते, आणि कागदावर मोकळी दिसणारी जमीन म्हणजे गायरान. तें कागदावर पडीक असलें तरी गरिबाची शेळी तेथेंच चरते, आणि कित्येक भूमिहीन कुटुंबें तेथें पिढ्यान् पिढ्या पोट भरीत आलीं आहेत. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालीं १९५९ आणि १९६४ सालीं भूमिहीनांनीं सत्याग्रह केले, त्याची आठवण मराठवाड्यांत अजून जिवंत आहे. दिवसां वीज मिळावी म्हणून एकाच्या पोटाखालची जमीन काढून घेणें हा न्याय नव्हे. म्हणून जागा ठरविण्यापूर्वीं खरी ग्रामसभा भरावी. सह्यांची वही घरोघर फिरवून भरलेली सभा नव्हे. प्रकाश येतांना कोणाच्या घरीं अंधार जाऊं नये, हें पाहणें पंचायतीचेंच काम आहे.

शहरांतल्या श्रोत्यांना वाटेल, कीं हें सारें खेड्याचें गाऱ्हाणें; आम्हांला त्याचें काय? प्रथम व्यवहाराची गोष्ट. शेतीच्या विजेचा भार कांहीं अंशीं शहरांतल्या ग्राहकाच्या दरांतून आणि कांहीं अंशीं सरकारी तिजोरींतून भरला जातो. २०२४ पासून तर साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचें बिल सरकारच सोसतें. शेताची वीज शेताजवळ स्वस्त झाली तर आपला खिसाहि हलका व्हावयाचा थांबेल. दुसरी गोष्ट अधिक जवळची. पुणें महानगरपालिका सौरशक्ति वापरणाऱ्या मिळकतदाराला करांत सवलत देते. सूर्यघर योजनेंत गृहसंस्थांच्या जिन्यांच्या, लिफ्टच्या आणि पाण्याच्या पंपांच्या विजेसाठींहि अनुदान आहे. आपल्या गच्चीवर संच बसला असेल किंवा बसणार असेल, तर आपल्या संस्थेच्या पुढच्या बैठकींत एकच प्रश्न विचारा: सहाव्या वर्षाची तरतूद कोठें आहे? तो प्रश्न दरेवाडीच्या ३९ घरांनीं आरंभींच विचारला होता. चांगल्या बंगल्यांतून राहणाऱ्यांनीं तो विचारूं नये असें थोडेंच आहे?

सूर्य सर्वांना सारखाच उगवतो, असें आपण म्हणतों. परंतु त्याचा उजेड रात्रींसाठीं राखून ठेवणें ही माणसांची करणी आहे, आणि तिला यंत्राइतकीच वही लागते. सरकारनें यंत्र दिलें. वही आपण घालूं या. पहिल्या पानावर जमा लिहावी, दुसऱ्यावर देखभालीचा खर्च, आणि ती वही चावडीवर अशा ठिकाणीं ठेवावी कीं कोणाहि बाईमाणसाला ती उघडून पाहतां यावी. पंचवीस वर्षांचा हिशेब जुळला तर विजेचा प्रश्न सुटलाच म्हणून समजा.