आठवण न सांगता येते



चित्रपटातल्या पात्राला जुनं काही आठवणार असलं की आपल्याला आधी वर्दी मिळते. पडदा धूसर होतो, नायिका खिडकीबाहेर बघते, मागे व्हायोलिन सुरू होतं. आलँ रेने या फ्रेंच दिग्दर्शकाने १९५९ सालच्या ‘हिरोशिमा मों आमूर’मध्ये ही वर्दीच काढून टाकली.

कथा थोडकी आहे. शांततेवरच्या चित्रपटात काम करायला हिरोशिमात आलेली फ्रेंच नटी आणि तिला भेटलेला जपानी वास्तुरचनाकार. दोघंही विवाहित. सकाळी तो पालथा झोपलाय, ती उभी राहून बघतेय. झोपेत त्याचा हात किंचित हलतो. आणि एकदम दुसराच हात! दुसऱ्या माणसाचा, मरणाऱ्याचा. डोळ्याची पापणी लवावी इतकाच वेळ, मग पुन्हा हिरोशिमा. कुणाचा हात, कुठला, काही कळत नाही. कळतं ते फार उशिरा. महायुद्धात, फ्रान्समधल्या नव्हेर गावी, एका जर्मन सैनिकावर तिचं प्रेम होतं. गाव मुक्त होण्याच्या सुमारास त्याला गोळी लागली. शत्रूवर प्रेम केलं म्हणून तिचे केस भादरले गेले आणि घरच्यांनी तिला तळघरात कोंडलं.

हे ती नदीकाठच्या चहागृहात सांगते. तिथे कान उघडे ठेवा. पडद्यावर नव्हेर दिसतं, पण आवाज येतो तो बराचसा हिरोशिमाचा, तिथल्या ज्यूकबॉक्सवरच्या गाण्याचा. म्हणजे भूतकाळ वेगळा उरतच नाही. बोलता बोलता ती समोरच्या जपान्यालाच मेलेला प्रियकर समजून ‘तू’ म्हणू लागते, आणि तोही त्याच्या वतीने उत्तरं देतो! मग तिचा तोल सुटतो, तेव्हा तो तिच्या थोबाडीत देतो. आसपासची माणसं वळून बघतात.

मुळात रेनेकडे अणुबॉम्बवरच्या माहितीपटाचं काम आलं होतं. त्याऐवजी त्याने मार्गरित द्युरास या लेखिकेकडून ही कथा लिहून घेतली. सुरुवातीलाच नायिका म्हणते की आपण इथलं संग्रहालय, रुग्णालय, सगळं पाहिलं. तिचा जपानी प्रियकर ठामपणे म्हणतो, काहीच नाही पाहिलंस. अशी स्वतःचीच उलटतपासणी घेणारा युद्धपट विरळा.

तरी एक गोष्ट मला खटकते. बॉम्ब पडला तेव्हा हा जपानी प्रियकर लढाईवर होता आणि त्याचे घरचे हिरोशिमात होते. हे एका वाक्यात आटोपतं. त्याचं तळघर कुठलं, ते ती विचारत नाही आणि रेनेही दाखवत नाही.