उड्डाण-चाचणी अभियंता : विमानाचा परीक्षक कसा घडतो



जून २०२५ मध्ये ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात दाखल झाले आणि 'चाचणी वैमानिक' हा शब्द घरोघरी पोहोचला. गगनयान मोहिमेसाठी निवडलेले चारही अधिकारी चाचणी वैमानिक आहेत, ही बाब स्पर्धा परीक्षांच्या टिपणांतही आता आढळते. परंतु चाचणी वैमानिक ज्या वर्गात शिकतात, त्याच वर्गात आणखी एक विद्यार्थी बसलेला असतो. तो उड्डाण-चाचणी अभियंता होय. टिपणांत त्याला सहसा जागा मिळत नाही. विमाननिर्मितीत स्वयंपूर्ण होऊ पाहणाऱ्या देशाच्या दृष्टीने मात्र तो वैमानिकाइतकाच दुर्मीळ आहे.

त्याची गरज का भासते, हे अर्थशास्त्राच्या भाषेत अधिक स्पष्ट होते. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन असे दाखवले की, वस्तूच्या गुणवत्तेची माहिती विक्रेत्याला अधिक व खरेदीदाराला कमी असेल तर बाजारच बिघडतो. असममित माहितीच्या या विश्लेषणासाठी त्यांना २००१ साली मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत नोबेल स्मृती पारितोषिक मिळाले. लढाऊ विमानाचा व्यवहार याहूनही अवघड आहे. येथे खरेदीदार एक, म्हणजे शासन, आणि देशांतर्गत विक्रेताही बहुधा एकच. त्यामुळे गुणवत्तेची खूण पटवणारा बाजारभाव अस्तित्वातच नसतो. शिवाय नव्या विमानाबाबत विक्रेत्यालाही पूर्ण माहिती नसते. वायुबोगद्यातील प्रयोग आणि संगणकावरील गणिते केवळ अंदाज देतात. तो अंदाज खरा की खोटा, हे कोणी तरी आकाशात जाऊन मोजावे लागते आणि मोजलेले निर्भीडपणे लिहून द्यावे लागते.

हे काम शास्त्रशुद्ध रीतीने शिकवणारी पहिली शाळा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, ब्रिटनमध्ये निघाली. एम्पायर टेस्ट पायलट्स स्कूल या नावाने ती ओळखली जाते. भारताचे आरंभीचे चाचणी वैमानिक तेथेच शिकून आले. १७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी 'मरुत' हे देशात विकसित झालेले जेट लढाऊ विमान प्रथम आकाशात नेले. त्याच विमानाच्या सुधारित आवृत्तीची चाचणी घेताना जानेवारी १९७० मध्ये त्यांचा मृत्यू झाला. पुढे १९७२ साली हवाई दलाने विमाने व त्यांवरील यंत्रणा यांच्या चाचणीसाठी एअरक्राफ्ट अँड सिस्टिम्स टेस्टिंग एस्टॅब्लिशमेंट ही संस्था उभारली. १९७३ पासून ती बेंगळुरूत आहे. हवाई दलाचे टेस्ट पायलट स्कूल हा तिचाच एक भाग. चाचणी वैमानिकांबरोबर उड्डाण-चाचणी अभियंतेही तेथे सुमारे वर्षभराचा अभ्यासक्रम पूर्ण करतात.

या वर्षात अभियंता नेमके काय शिकतो? विमानशास्त्राची पदवी त्याच्याजवळ आधीच असते. तेव्हा त्याला शिकायचे असते ते मोजमाप. सर्वांत आधी मोजणारे साधनच मोजून घ्यावे लागते. विमानाचा वेग हवेच्या दाबावरून कळतो. पण विमान स्वतःच आपल्याभोवतीची हवा ढवळत असल्याने हा दाब किंचित चुकीचा नोंदला जातो. ही चूक शोधण्याची एक जुनी पद्धत आजही शिकवली जाते. विमान धावपट्टीच्या कडेने, मनोऱ्यासमोरून, कमी उंचीवर व ठरावीक वेगाने जाते. मनोऱ्यातील निरीक्षक कोन मोजून भूमितीने खरी उंची काढतो. विमानातील उंचीमापक दाखवतो ती उंची आणि ही खरी उंची यांतील फरकावरून दाबाची चूक कळते व दाबावरून वेगाची. पद्धत शाळकरी भूमितीची आहे, परंतु तिच्याशिवाय पुढील एकही आकडा विश्वासार्ह ठरत नाही.

दुसरा धडा तुलनेचा. समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवरील बेंगळुरूत, उन्हाळ्याच्या दुपारी घेतलेल्या उड्डाणाची तुलना डिसेंबरच्या सकाळच्या उड्डाणाशी थेट करता येत नाही. दोन्ही निष्कर्ष गणिताने 'प्रमाण वातावरणा'त आणावे लागतात. या काल्पनिक वातावरणात समुद्रसपाटीवर १५ अंश सेल्सिअस तापमान व १०१३.२५ हेक्टोपास्कल दाब गृहीत धरलेला असतो. राष्ट्रीय उत्पन्नाचे आकडे चालू किमतींवरून स्थिर किमतींवर आणतात, त्यासारखीच ही क्रिया आहे. जी.डी.पी.चा 'डिफ्लेटर' समजलेल्या विद्यार्थ्यास ती परकी वाटू नये.

तिसरा धडा सर्वांत नाजूक आहे, कारण त्यात माणसाचे मत मोजायचे असते. विमान हाताळण्यास सोपे की अवघड, हे वैमानिकच सांगू शकतो. त्याच्या मताला शिस्त लावण्यासाठी कूपर-हार्पर ही मापनश्रेणी १९६९ पासून जगभर वापरात आहे. विमान नियंत्रणात राहते का? सोसवेल इतक्या श्रमात पुरेशी कामगिरी साधते का? सुधारणेविना ते समाधानकारक आहे का? या तीन प्रश्नांच्या उत्तरांनुसार वैमानिक एक ते दहा यांपैकी एका अंकावर पोहोचतो. एक म्हणजे उत्तम. दहा म्हणजे विमान हाताबाहेर जाणे. येथे अभियंत्याने ध्यानात ठेवायचे असते की, हे अंक केवळ क्रम दाखवतात. एका वैमानिकाने तीन व दुसऱ्याने सात दिले, तर सरासरी पाच काढून मोकळे होता येत नाही. दोघांना इतका वेगळा अनुभव का आला, हे उड्डाणानंतर त्यांच्याशी बसून शोधावे लागते. क्रमवाचक आकड्यांची सरासरी काढण्याचा मोह सामाजिक सर्वेक्षणांतही सर्रास दिसतो, हे जाता जाता नमूद करावयास हवे.

यानंतर अभियंता चाचणीची आखणी शिकतो. कोणत्याही नव्या विमानाची मर्यादा एकदम गाठली जात नाही. वेग थोडा वाढवायचा, पंखांत कंपने निर्माण करायची, ती किती लवकर शमतात हे पाहायचे, अंदाजाशी ताडायचे आणि मगच पुढची पायरी चढायची. कंपने शमण्याऐवजी वाढू लागली तर विमान काही क्षणांत मोडू शकते. या प्रकारास फ्लटर म्हणतात. म्हणून जमिनीवरील टेलिमेट्री कक्षात अभियंते प्रत्येक आकडा त्याच क्षणी पाहत असतात. 'चाचणी थांबवा' असे त्या कक्षातून सांगितले गेले की वैमानिक वाद घालत नाही. एका शब्दात उड्डाण रद्द करण्याचा हा अधिकार सोपवण्यासाठीच हे खर्चिक शिक्षण दिले जाते, असे म्हटले तरी चालेल.

खर्चाचा मुद्दा टाळता येण्यासारखा नाही. 'तेजस'चे पहिले उड्डाण ४ जानेवारी २००१ रोजी झाले आणि अंतिम परिचालन मान्यता मिळाली ती फेब्रुवारी २०१९ मध्ये. या अठरा वर्षांवर बरीच टीका झाली आणि तिच्यातील काही भाग रास्तही होता. तथापि मान्यतेपर्यंतच्या हजारो चाचणी-उड्डाणांत एकही विमान गमावले गेले नाही, ही बाजू क्वचितच मांडली जाते. विलंबाची किंमत अंदाजपत्रकात दिसते. टळलेल्या अपघाताची किंमत कोणत्याही लेखाशीर्षाखाली येत नाही. आकडा नसलेला लाभ चर्चेतून गळतो, ही सार्वजनिक खर्चाच्या मूल्यमापनातील नेहमीची उणीव येथेही आहे.

'सारस' या नागरी विमानाने मात्र दुसरी बाजू दाखवली. ६ मार्च २००९ रोजी बेंगळुरूजवळ बिडदी परिसरात त्याचा दुसरा नमुना कोसळला. एक इंजिन बंद करून ते आकाशातच पुन्हा सुरू करण्याची चाचणी चालू होती. विमानात हवाई दलाचे दोन चाचणी वैमानिक आणि एक उड्डाण-चाचणी अभियंता होते. तिघेही मृत्युमुखी पडले. इंजिन पुन्हा सुरू करण्यासाठी रचनाकारांनी ठरवलेली कार्यपद्धतीच चुकीची होती आणि ती अपुऱ्या उंचीवर अमलात आणली गेली, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. याचा अर्थ चूक उड्डाणापूर्वी कागदावर होती. चाचणीचा कागद तपासताना रचनाकाराला 'हे कशावरून?' असे विचारणे आणि उत्तर पटेपर्यंत उड्डाण रोखणे हाही याच शिक्षणाचा भाग आहे. तो धावपट्टीवर शिकवता येत नाही आणि परीक्षेत त्याला गुणही देता येत नाहीत. रचना करणारी संस्था आणि चाचणी घेणारी संस्था यांच्यात किती अंतर असावे, हा प्रश्नही त्यामुळे केवळ प्रशासकीय राहत नाही.

त्यानंतर हा प्रकल्प काही वर्षे थंडावला. पहिल्या नमुन्यात बदल करून सिद्ध केलेले 'सारस' २४ जानेवारी २०१८ रोजी बेंगळुरूहून पुन्हा उडाले. त्या उड्डाणात हवाई दलाच्या याच चाचणी संस्थेचे तीन अधिकारी विमानात होते.