झाडं लावली, पाणी कोण घालणार?

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आपल्या शहरात बागांना तोटा नाही. १९७२ मध्ये प्राधिकरण आलं, १९८२ मध्ये महापालिका झाली. आखीव पेठांत उद्यानं आली, निगडीची दुर्गा टेकडी हिरवी झाली. कारखान्यांत राबायला आलेल्या माणसांच्या वस्त्या मात्र या आखणीबाहेरच वाढल्या. तिथली बाग म्हणजे रंगाच्या रिकाम्या डब्यातली तुळस, मोरीच्या पाण्यावरचा अळू. ती बाईनं केलेली, म्हणून तिला कोणी बाग म्हणत नाही.

मी काम करते त्या वस्तीत बचत गटातल्या बायकांनी कचऱ्याचा एक कोपरा साफ केला. शेवगा, कढीपत्ता, कर्दळ, दोन केळी लावल्या. संध्याकाळी बायका तिथे बसू लागल्या. पुरुषांना कट्टा असतो, पानटपरी असते. बाईला घराबाहेर नुसतं बसायला जागा कुठे असते? कामाशिवाय बसायला लग्नानंतर पहिल्यांदाच मिळालं, असं एक मावशी म्हणाल्या. मला ते शेवग्याच्या शेंगांपेक्षा मोठं वाटलं.

उन्हाळा आला आणि माझी चूक कळली. नोव्हेंबर २०१९ पासून शहरात दिवसाआड पाणी येऊ लागलं होतं. झाडांसाठी हंडे कोण वाहतंय, हे मी विचारलंच नव्हतं. वाहत होत्या नववी-दहावीतल्या मुली, अभ्यासाच्या वेळेला. पर्यावरणाच्या नावानं आम्ही बाईच्या कामात भरच घातली होती!

मग सभेत हिशेब मांडला. केळी-कर्दळीला भांडी विसळलेलं पाणी चालतं, ते वळवलं. रसवंतीवरचं उसाचं चिपाड आळ्यांत पसरलं, ओल टिकली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर भाजी-फळं पिकवली, तो धडाही कामी आला. (भंगारातले निळे पिंप मात्र भाजीला घेऊ नका. आत कोणतं रसायन होतं, ते भंगारवाल्यालाही माहीत नसतं.) पाणी घालायच्या पाळ्या लावल्या, त्यांत पुरुषांची नावं घातली. 'माझी सेकंड शिफ्ट आहे,' हे उत्तर आलंच. मग फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात घाला, असं बायकांनी ऐकवलं. काही जण येतात, काही अजून येत नाहीत.

कोपरा चांगला दिसू लागला, तशी एका मंडळाला त्याची आठवण झाली. कुंपण आलं, फाटक आलं, 'सुशोभीकरण' असा फलक लागला. कडेला बसणाऱ्या भाजीवालीला उठवलं, कारण तिची टोपली शोभेची नाही. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत विक्रेत्याला उठवता येत नाही, असं २०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो. फाटक संध्याकाळी सातला बंद होतं. बायकांची कामं आटोपतात आठला.

किल्ली मंडळाकडे आहे. येत्या रविवारी त्यांच्या बैठकीला आम्ही दोन मागण्या घेऊन जातोय: दुसरी किल्ली बचत गटाकडे हवी, आणि भाजीवालीची जागा तिला परत हवी. ज्यांना जमेल त्यांनी बरोबर या.