बंदरातले बघे

पर्यटकांचे अजस्र जहाज बॅलार्ड पिअरकडे निघाले, की आम्ही गेटवेच्या कठड्याशी जाऊन उभे राहतो. मजल्यांवर मजले चढवलेली ती पांढरी इमारत किती सावकाश सरकते! आणि सरकणारच. बाहेर समुद्रातच बंदराचा पायलट (विमानाचा नव्हे बरे!) दोरीच्या शिडीने तिच्यावर चढलेला असतो. कप्तान हजारो मैल तोडून आलेला असो, शेवटचे काही मैल त्याला या माणसाच्या सल्ल्याने चालावे लागते. इथला गाळ, इथली भरती-ओहोटी यालाच ठाऊक. धक्क्याजवळ टगबोटी जहाजाला ढकलीत नेतात.

कोकणची बोट भाऊच्या धक्क्याला लागे, तेव्हा मात्र तिथे बघे नसत, वाट पाहणारे असत. कुणाची आई यायची, कुणाचा धाकटा भाऊ, बरोबर फणस. त्याच धक्क्यावरून १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. बोट सुखरूप लागणे म्हणजे काय, हे त्या पिढीला सांगावे लागत नसे.

या पांढऱ्या जहाजातून आमचे कुणीच उतरायचे नसते. तरी वरून कुणी हात हलवला, तर आम्हीही हलवतो.