घड्याळ नको, कारण शोधा

मी देवळाली प्रवऱ्याचा. साठी ओलांडली, तरी पहाटे पाटाच्या कडेनं पळतो. पोरं विचारतात, 'काका, आता कुणाला हरवायचंय?' कुणालाच नाही! तरुणपणीचं टायमिंग आता येत नाही. तेच धरून बसलं, तर बूट कोपऱ्यात जातात. म्हणून पळायचं कारणच बदलायचं.

बारामतीच्या लता करे नवऱ्याच्या उपचारांच्या पैशांसाठी नऊवारीत, अनवाणी पळाल्या आणि जिंकल्या. फौजा सिंग मुलगा गेल्याच्या दुःखातून पळू लागले. २००० साली, ८९व्या वर्षी लंडन मॅरेथॉन पूर्ण केली.

माझं कारण साधं आहे : कुणाच्या आधाराशिवाय शेतात जाता यावं.

तुमच्या घरी कुणी पळणं सोडलंय? उद्या त्यांना म्हणा, 'चला, मी सोबत येतो.'