संवादातून सद्भाव : जगद्गुरू हीरविजयसूरींचा आदर्श

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



परधर्माचा द्वेष बहुधा परधर्माच्या ज्ञानातून जन्मत नाही. तो ऐकीव गोष्टींतून जन्मतो. ज्याच्या उंबरठ्यावर कधी पाऊल ठेवले नाही, ज्याची श्रद्धा त्याच्याच मुखातून कधी ऐकली नाही, त्याच्याविषयी मत मात्र पक्के असते. अनेकान्त दृष्टी सांगते की वस्तूला अनेक अंगे असतात आणि एकाच अंगावरून दिलेला निर्णय अपुरा ठरतो. कापडाच्या पेढीवरही ताका उलगडून, दोन्ही बाजू उजेडात पाहिल्याशिवाय भाव ठरत नाही. माणसाच्या श्रद्धेचा भाव मात्र अंधारातच ठरविला जातो, ही खेदाची गोष्ट आहे.

हे तत्त्व आचरणात आणल्याचे एक उज्ज्वल उदाहरण इतिहासात आहे. सम्राट अकबराने १५७५ मध्ये फत्तेपूर सिक्री येथे इबादतखाना उभारला. आरंभी तेथे इस्लामी विद्वानांचीच चर्चा चाले. पुढे हिंदू, जैन, पारशी आणि ख्रिस्ती पंडितांनाही बादशहाने ऐकून घेतले. १५८२ मध्ये तपागच्छाचे आचार्य हीरविजयसूरी यांना निमंत्रण गेले. आचार्य तेव्हा गुजरातेत गंधार येथे होते. परक्या सत्तेच्या दरबारी जावे की न जावे, याविषयी श्रावकसंघात मतभेद झाल्याचे परंपरा सांगते. अखेर आचार्यांनी जाण्याचा निर्णय घेतला आणि शेकडो मैलांचा पायी विहार करून १५८३ मध्ये ते सिक्रीस पोहोचले.

आधी विद्वान मंत्री अबुल फजल याच्याशी आणि मग बादशहाशी त्यांची धर्मचर्चा झाली. दरबारातील गालिच्याखाली जीव असतील, म्हणून आचार्यांनी त्यावर पाऊल ठेवले नाही, अशी कथा जैन परंपरेत प्रसिद्ध आहे. त्यांनी धनाची भेट नाकारली. मागितले ते अभयदान. पर्युषणाच्या दिवसांत जीवहत्या थांबविण्याची आज्ञा निघाली. १५८४ मध्ये त्यांना ‘जगद्गुरू’ ही पदवी मिळाली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अकबर जैन झाला नाही आणि आचार्यांनी आपल्या व्रतांत तसूभरही सूट घेतली नाही. संवादासाठी स्वधर्म सोडावा लागत नाही. सोडावा लागतो तो केवळ पूर्वग्रह.

आचार्य परतल्यावरही हा धागा तुटला नाही. भानुचंद्र उपाध्याय आणि त्यांचे शिष्य सिद्धिचंद्र दरबारात राहिले. सिद्धिचंद्रांनी तर फारसी भाषा आत्मसात केली. दुसऱ्याला समजून घेण्यासाठी त्याची भाषा शिकण्याचे कष्ट त्यांनी घेतले. पुढे जहांगीराच्या कारकिर्दीत जैन यतींना काही काळ हद्दपारीही सोसावी लागली. राजाज्ञा येते आणि जाते. सद्भाव मात्र पिढ्यान्‌पिढ्या नव्याने जोडावा लागतो, हाच त्याचा बोध.

अबुल फजलाने ‘ऐन-ए-अकबरी’त जैन दर्शनावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि हीरविजयसूरींना आपल्या काळातील पहिल्या श्रेणीच्या विद्वानांत स्थान दिले. याच प्रकरणात त्याने प्रांजळपणे नोंदविले आहे की श्वेतांबर विद्वानांचा परिचय असल्याने त्यांच्याविषयी बरेच लिहिता आले; दिगंबरांविषयीचे लेखन मात्र अंधारात केल्यासारखे झाले आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या परधर्मीय लेखकाने आपल्या अज्ञानाची सीमा सांगितली. आज जैनांपैकी किती जण शेजारच्या धर्माविषयी बोलताना ती सांगतात?

शेजारचा धर्म तर दूरच राहिला. वाशीम जिल्ह्यातील शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिर श्वेतांबर-दिगंबर वादामुळे १९८१ पासून कुलूपबंद राहिले आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतरच उघडले. एकाच तीर्थंकरांचे उपासक चार दशके एकमेकांशी समेट करू शकले नाहीत. जगाला अनेकान्त सांगण्यापूर्वी तो घरात उतरला पाहिजे.

२०१५ च्या पर्युषणात मुंबई आणि मीरा-भाईंदर परिसरात मांसविक्रीच्या बंदीवरून वाद उफाळला; प्रकरण उच्च न्यायालयात गेले. जीवदयेची भावना निर्मळच आहे. परंतु ज्याची रोजी त्या दुकानावर चालते, त्याच्या घरी जाऊन, त्याची अडचण ऐकून केलेली विनंती आणि वरून आलेला हुकूम यांत अंतर आहे. विनंतीने एखादे दुकान स्वेच्छेने बंद राहिले, तर त्यात करुणा दोन्ही बाजूंना वाढते. हुकमाने शंभर दुकाने बंद झाली, तरी मने उघडत नाहीत.

सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टला करण्याजोगी कामे मोठ्या खर्चाची नाहीत. पाठशाळेतील मुलांना परधर्मांची ओळख त्या त्या धर्माच्या जाणकारांकडूनच करून द्यावी. आठव्या शतकातील आचार्य हरिभद्रसूरींनी ‘षड्दर्शनसमुच्चय’ रचून इतर दर्शनांची मांडणी समतोलपणे कशी करावी, हे दाखविलेच आहे. महावीर जयंतीला मशीद, चर्च, गुरुद्वारा आणि बुद्धविहार यांतील मंडळींना बोलवावे आणि त्यांच्या सणाला आपणहून जावे. वाद उद्भवलाच, तर वकिलाकडे जाण्याआधी एकदा समोरासमोर बसावे.

संवत्सरीला जैन गृहस्थ सर्व जीवमात्रांची क्षमा मागतो. त्या ‘सर्व’ शब्दात पलीकडच्या गल्लीतील माणूसही येतो. ज्याचे नावही ठाऊक नाही, त्याची क्षमा मागणे सोपे आहे. त्याचे दार ठोठावणे अवघड आहे. ट्रस्टच्या पुढील पन्नास वर्षांचे पहिले पाऊल त्या दाराकडे पडावे, हीच जिनचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र!